आल्फ्रेड बिने : बुद्धी मोजली, पण आकड्यावर थांबले नाहीत

मुलाच्या बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल हातात आला की तुमची नजर आधी आकड्यावर जाते. ही चाचणी ज्यांच्या कामातून पुढे आली, त्या आल्फ्रेड बिने यांना मात्र मुलाची बुद्धी एका आकड्यात बसवणे मान्य नव्हते.

बिने यांचा जन्म १८५७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे झाला. पदवी कायद्याची, मानसशास्त्र ते पॅरिसच्या ग्रंथालयात वाचून शिकले. पुढे सोर्बोन येथील प्रयोगशाळेचे ते संचालक झाले. आपल्या दोन मुलींचेही त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. एकीचे लक्ष समोरच्या वस्तूंच्या बारकाव्यांकडे असे, तर दुसरी कल्पनेत रमे. एकाच घरात वाढूनही दोघींची विचार करण्याची रीत वेगळी होती.

चाचणी कशासाठी होती?

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, म्हणून बिने आणि डॉ. थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते, हे बिने यांना पटत नव्हते. लक्ष आणि स्मरणशक्ती वाढवण्यासाठी त्यांनी मुलांकरिता सरावही सुचवले. १९११ मध्ये, ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बुद्ध्यांकाची कल्पना त्यानंतर, १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मांडली. अमेरिकेत तर याच चाचण्यांच्या आधारे काहींनी माणसांवर कायमचे शिक्के मारले.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून घेतली. ‘बिने-कामत’ हे नाव तुम्ही अहवालावर पाहिले असेल.

समुपदेशकाकडून काय अपेक्षा ठेवाल?

१९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी भाषा, तर्क, संगीत, शरीर, अवकाश, इतरांची जाण आणि स्वतःची जाण अशा अनेक बुद्धिमत्ता मांडल्या. हा विचार शिकलेला समुपदेशक बोलायला अडखळणाऱ्या मुलाच्या हाती रंग देतो, किंवा कृतीतून त्याला व्यक्त होऊ देतो. मात्र या सिद्धांताला संशोधनाचा आधार मर्यादित आहे आणि त्यावरून निदान करता येत नाही.

म्हणून अहवाल बाजूला टाकू नका. खास शिक्षण आणि प्रमाणपत्रासाठी तो लागतो. पण समुपदेशकाला दोन प्रश्न जरूर विचारा: माझे मूल कशातून चांगले शिकते? आणि उद्यापासून घरी आम्ही काय करायचे?