पगार सोडून निघालेला उपदेशक : रेव्हरंड ना. वा. टिळक



'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीची कविता तुम्ही शाळेत वाचली असेल. तिचे कवी नारायण वामन टिळक. केसरीकार टिळक वेगळे, घोटाळा करू नका. यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला.

या माणसाच्या धर्मांतराची वाट आपल्याच बाजूने गेली आहे. नागपुरात ते अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. पुढे राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलातील नवा करार ठेवला. कुरखेड्याहून कोरची ओलांडली की त्याच राजनांदगावकडचा मुलूख लागतो. जुन्या धर्मावरचा त्यांचा विश्वास आधीच ढळला होता. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून ते पुरते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता जरा थांबा. त्या दिवशी ख्रिस्ती झाला तो एकटा नवरा. पत्नी लक्ष्मीबाईंना आधी काही सांगितलेच नव्हते! त्या मुलाला, देवदत्तला, घेऊन काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. परत आल्या त्याही सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही. जात माणसाने केली आहे, देवाने नाही, हे त्या बाईने स्वतःच्या विचाराने ओळखले आणि कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या आजीने दीक्षेनंतरही कित्येक वर्षे जुने देव कोठीत जपले होते. आजोबा रागावत, ती ऐकत नसे. तुमच्या घरी कसे होते?

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले. धर्मशास्त्र शिकवले, 'ज्ञानोदय'चा मराठी भाग संपादला. विलायती चालींची भजने आपल्या माणसाच्या काळजाला भिडत नाहीत, म्हणून त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि कीर्तने केली. तुकोबांना त्यांनी सोडले नाही. मला हे पटते. परकी भाषा घेऊन गेलेला उपदेश ओट्यावरच राहतो, चुलीपर्यंत जात नाही.

एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. नगरकडची ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार-मांग समाजातून आलेली. पुस्तकांत मोठे नाव राहिले ते ब्राह्मण कवीचे. त्या शेकडो घरांची नावे कोणी लिहिली? टिळकांचा हा दोष नव्हे, पण आपण लक्षात ठेवू.

१९१७ साली पन्नाशी उलटलेल्या या माणसाने मिशनचा पगार सोडला आणि संन्याशाप्रमाणे राहायचे ठरवले. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. पगार देणाऱ्याचा उपदेशकावर दाब येतो, हे त्यांनी इतकी वर्षे अनुभवले असणार. मीही पगारी मास्तर आहे, म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतो.

दरबार दोन वर्षेही चालवता आला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लिहिले.