वल्लभभाई पटेल
वल्लभभाई झवेरभाई पटेल (जन्म : नडियाद, ३१ ऑक्टोबर १८७५, मृत्यू : मुंबई, १५ डिसेंबर १९५०) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि स्वतंत्र भारताचे पहिले उपपंतप्रधान व गृहमंत्री होते. संस्थानांच्या विलीनीकरणासाठी ते सर्वपरिचित आहेत. सनदी सेवेची त्यांनी लावलेली घडी मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली.

लंडनहून बॅरिस्टर होऊन १९१३ मध्ये ते अहमदाबादेत वकिली करू लागले. खेडा (१९१८) व बार्डोली (१९२८) येथील सत्याग्रहांत त्यांचा सामना सनदी अधिकाऱ्यांशीच होता. बार्डोलीत सुमारे २२ टक्के सारावाढ झाली होती. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या चौकशी अधिकाऱ्यांनी ती जवळपास ६ टक्क्यांवर आणली. हे दोघेही आय.सी.एस.मधलेच होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९४२ ते १९४५ या काळात याच राजवटीने वल्लभभाईंना अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध ठेवले.

१९४६ मध्ये ते हंगामी सरकारात गृहखात्याचे सदस्य झाले. इंग्रज अधिकारी परतीच्या वाटेवर होते आणि देशात दंगली उसळल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रांतिक पंतप्रधानांची (त्या काळी मुख्यमंत्र्यांना असे म्हणत) परिषद बोलावली. तीत भारतीय प्रशासकीय सेवा व भारतीय पोलीस सेवा स्थापण्याचे ठरले. भरती व नेमणूक केंद्राची, काम प्रांतात, आणि बडतर्फीचा अधिकार पुन्हा केंद्राकडे, अशी ही रचना होती. त्यामुळे स्थानिक मंत्र्याच्या रोषापायी अधिकाऱ्याची नोकरी जाणार नव्हती. २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये पहिल्या तुकडीसमोर त्यांनी निःपक्षपातीपणा व सचोटीवर भर दिला.

खरा वाद जुन्या अधिकाऱ्यांविषयी होता. कालपर्यंत तुरुंगात टाकणाऱ्यांच्या वेतन, रजा व निवृत्तिवेतनाची हमी राज्यघटनेत कशाला, असा काही सभासदांचा आक्षेप होता. १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत वल्लभभाईंनी त्याला कठोर उत्तर दिले. दिलेला शब्द मोडता येणार नाही, फाळणीच्या धामधुमीत याच माणसांनी राज्ययंत्र चालते ठेवले, आणि मंत्र्याला न रुचणारे मतही सचिवाने निर्भयपणे मांडले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही हमी अनुच्छेद ३१४ म्हणून, तर अखिल भारतीय सेवांची तरतूद अनुच्छेद ३१२ म्हणून घटनेत आली.

जिल्हाधिकाऱ्याच्या हाती एकवटलेली सत्ता त्यांनी जवळजवळ तशीच ठेवली. वसाहतकालीन साचा कायम राहिला, ही टीका म्हणूनच निराधार नाही. अखिल भारतीय सेवा कायदा त्यांच्या निधनानंतर, १९५१ मध्ये संमत झाला. अनुच्छेद ३१४ हा १९७२ च्या २८ व्या घटनादुरुस्तीने वगळण्यात आला.