सद्गुरूच्या पायाशी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आज नाताळचा मंगल दिवस. आपल्या जिल्ह्यात नवापूर-चिंचपाड्याकडे ख्रिस्ती बांधवांची मोठी वस्ती आहे. मराठी चर्चमधून जी भजने गाइली जातात, त्यांपैकी पुष्कळ रेव्हरंड टिळकांची आहेत. येशूला सद्गुरू मानून त्याच्या पायाशी श्रवणास बसलेल्या या कवीचे चरित्र आज आठवणे उचित होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. मातोश्री जानकीबाई भाविक, तर वडील वामनराव अत्यंत करारी. मातेच्या निधनानंतर ते नाशिकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. पुढे शिक्षकी, पुराण, कीर्तन करीत ते गावोगाव हिंडले. जातिभेदाने विस्कटलेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा एकच शोध मनात होता.

आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. गुरू डोंगरावर बसला आहे आणि शिष्य जवळ आले आहेत. उपनिषदे जाणणाऱ्या पंडिताला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नव्हते. त्या प्रवचनाच्या शेवटी येशू सांगतो की, वचन ऐकून तसे आचरतो त्याचेच घर खडकावर उभे राहते. आमच्या संस्कृतातही ‘शुश्रूषा’ म्हणजे मूळ अर्थाने ऐकण्याची इच्छा. पुढे त्याच शब्दाला सेवेचा अर्थ आला. जो खरोखर ऐकतो, तो सेवेला लागल्यावाचून राहत नाही.

या श्रवणाचे मोल टिळकांना जबर द्यावे लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या निष्ठेची किंमत त्या माउलीनेही मोजली, हे विसरणे अन्यायाचे होईल. पुढे त्या अहमदनगरास पतीकडे आल्या व कालांतराने स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या घरी अनाथ, गरीब आणि कवी यांना सारखाच थारा असे. आपल्या खानदेशातील धरणगावचे ठोंबरे, म्हणजे बालकवी, याच घरी मुलासारखे राहिले.

टिळकांनी धर्म बदलला, परंतु मराठी संतांची वाणी सोडली नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे पोचलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी ख्रिस्ताला अभंगातून आळविले, त्याला माउली म्हटले आणि आम्हा कीर्तनकारांचे कीर्तन चर्चमध्ये नेले.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडून संन्यास स्वीकारला व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोहोंनाही तेथे प्रवेश होता. ख्रिस्ताचे शिष्यत्व एवढीच अट. पूर्वी स्वजातीयांचा रोष पत्करलेल्या टिळकांना आता काही स्वधर्मीयांची शंकाही सोसावी लागली. परंतु ज्याने गुरूचे ऐकावयाचे ठरविले, त्याला दोन्हीकडच्या बोलांनी थांबता येत नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा देह पडला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. एके काळी ज्यांना पतीच्या धर्मांतराने घोर दुःख झाले होते, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पूर्ण केले.

गुरूचा जयजयकार करणे सोपे असते; त्याचे ऐकणे कठीण. प्रवचन चर्चमध्ये असो वा देवळात, श्रोता उठून घरी निघाला की त्याची खरी परीक्षा सुरू होते. त्या परीक्षेस उतरण्याचे बळ आजच्या पुण्यदिनी सर्वांना लाभो, हीच प्रार्थना.