शिक्षकांना एकटे न ठेवणाऱ्या ताराबाई

फुलंब्री तालुक्यातील कोणत्याही वाडी-वस्तीवर सकाळी गेले, तर अंगणवाडीच्या दारात लहानग्यांच्या चपलांची रांग दिसते. 'अंगणवाडी' हा शब्द आता इतका घरगुती झाला आहे, की त्यामागे कोणा एका व्यक्तीचे आयुष्य उभे असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. या शब्दाची पाळेमुळे ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या गावी आहेत आणि तेथे ती रुजविणाऱ्या होत्या पद्मभूषण ताराबाई मोडक. बालशिक्षणतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र, विखुरलेल्या शिक्षकांना एकमेकांशी जोडण्याचे त्यांचे कार्य तितकेच मोलाचे असूनही काहीसे मागे राहिले.

१९ एप्रिल १८९२ रोजी ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने सुधारणेचे वारे घरातच वाहत होते. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला; परंतु हा संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी घेऊन स्वतंत्रपणे उभे राहणे त्या काळच्या स्त्रीला किती कठीण होते, याची कल्पना आज करणेही अवघड आहे. ताराबाईंनी राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मान, वेतन, स्थैर्य असे सर्व काही त्या पदात होते.

ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सहभागी झाल्या. मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर आधारलेले बालमंदिर तेथे चालत होते. मूल आपल्या गतीने, आपल्या हातांनी शिकते, हे तत्त्व समजण्यास सोपे. परंतु छडीच्या धाकात स्वतः शिकलेल्या शिक्षकाला ते वर्गात उतरविणे महाकठीण. अशा शिक्षकाला प्रशिक्षण देता येते, पण गावी परतल्यावर तो पुन्हा एकटा पडतो. सोबतीला कोणी नसेल, तर जुनी सवय नव्या विचारावर मात करते.

ही अडचण ओळखून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. अध्यापन मंदिरात घडलेले शिक्षक संमेलनांच्या निमित्ताने एकत्र येत. संमेलन संपले, की 'शिक्षणपत्रिका' हा दुवा उरे. गुजरातीत निघणाऱ्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली निघू लागली. नव्या वाटेने जाऊ पाहणारा शिक्षक आपण एकटे नाही, हे त्या पानांतून जाणून घेऊ शके. पालकांनाही त्यांनी या संवादात ओढले, कारण घरी मार खाणारे मूल शाळेत मोकळे होणार नाही, हे त्या जाणून होत्या.

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि कार्याचा भार ताराबाईंवर आला. शहरात बालमंदिरे वाढत होती. परंतु महागडी साधने घेऊन शिकणारी मुले सुखवस्तू घरांतली होती. हे शिक्षण गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचणार कधी, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

वयाची पन्नाशी उलटल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ येथेच त्यांच्या सहकारी झाल्या. शाळा उघडली, पण वंचित वस्त्यांतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष न देता शाळाच उचलली आणि वस्तीतील अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच साधने झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला. अंगणात भरणारी ही वाडी पुढे 'अंगणवाडी' म्हणून रूढ झाली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारली मुले गुरांमागे जात, म्हणून शिक्षकही कुरणात गेला आणि कुरणशाळा जन्मली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणारी विकासवाडीही येथेच आकाराला आली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषणने गौरविण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ते पाहण्यास त्या नव्हत्या. कोसबाडची धुरा अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या अखेरीपर्यंत वाहिली.

मराठी 'शिक्षणपत्रिका' सुरू झाली, तेव्हा फुलंब्रीचा परिसर निजामाच्या राजवटीत होता आणि सरकारी शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते. आज येथील जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र येतात, मोबाइलवरील गटांत फळ्याची छायाचित्रे आणि परिपत्रके एकमेकांना धाडतात. साधने बदलली, संपर्क क्षणाचा झाला. मात्र, परिपत्रक पुढे पाठविणे वेगळे आणि वर्गात आपले कोठे चुकले हे सहकाऱ्यापुढे मोकळेपणाने मांडणे वेगळे. पहिल्याने माहिती पोहोचते. शिक्षक घडतो तो दुसऱ्याने. ताराबाईंनी आयुष्यभर जपला तो हा दुसरा धागा. दूरच्या वस्तीवर चिमुकल्यांसमोर एकट्याने उभ्या असलेल्या प्रत्येक सेविकेला आणि शिक्षकाला त्याची गरज आजही तितकीच आहे.