मॅक्सवेलच्या समीकरणांआधी एक चित्र होतं!

जेम्स क्लार्क मॅक्सवेल म्हटलं की समीकरणं आठवतात, इंजिनिअरिंग केलेल्यांना तर जरा जास्तच. पण ती समीकरणं एका विचित्र चित्रातून निघाली, हे फारसं कुणी सांगत नाही.

मॅक्सवेलचा जन्म १८३१ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. आठव्या वर्षी आई गेली. शाळेत पोरं खुळा म्हणून चिडवायची. त्याच वयात त्याला टाचण्या आणि दोऱ्याने आकृत्या काढायचा नाद लागला. अंडाकृती वक्र काढायची त्याची रीत १८४६ मध्ये एडिनबरोच्या रॉयल सोसायटीत मांडली गेली, पण निबंध वाचला प्राध्यापक फोर्ब्स यांनी. चौदा वर्षांच्या मुलाला तिथे कोण उभं करणार!

१८६० मध्ये तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकवायला आला. फॅरेडेने चुंबकाभोवती बलरेषा कल्पिल्या होत्या. लोखंडाचा कीस टाकला की त्या दिसायच्याही. अडचण एकच, फॅरेडेचं गणित कच्चं होतं. बलरेषांना गणितात बसवायचं कसं?

मॅक्सवेलने आधी चित्र काढलं. सगळी जागा षटकोनी कप्प्यांनी भरलेली आणि प्रत्येक कप्पा म्हणजे गरगर फिरणारा भोवरा. हे फिरणं म्हणजे चुंबकत्व. पण एकमेकांना टेकलेली दोन चाकं नेहमी उलट दिशांना फिरतात आणि इथे तर शेजारचे भोवरे एकाच दिशेने फिरायला हवेत. यंत्रात अशा वेळी मध्ये एक छोटं चाक बसवतात. मॅक्सवेलने तेच केलं, भोवऱ्यांच्या मधे बारीक गोळ्यांची रांग लावली. गोळ्या सरकल्या की वीज वाहिली. निसर्गात असे गोळे खरोखर आहेत असा त्याचा दावा नव्हता. हिशेब जुळावा म्हणून उभारलेली ती परांची होती.

मग त्याने कप्पे थोडे लवचिक धरले. लवचिक गोष्टीत लहर पुढे जाते, म्हणजे तिला वेगही असणार. १८६१ च्या उन्हाळ्यात ग्लेनलेअरच्या घरी त्याने वेगाचं सूत्र काढलं, पण त्यात घालायचा प्रयोगातला आकडा हाताशी नव्हता. लंडनला परतल्यावर तो घातला. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर. फिझोने मोजलेला प्रकाशाचा वेग याच्या अगदी जवळचा होता. म्हणजे प्रकाश हीच वीज-चुंबकाची लहर!

१८६५ च्या निबंधात भोवरे आणि गोळ्या गायब झाल्या, समीकरणं राहिली. १८७९ मध्ये, ४८ व्या वर्षी, आईला झाला होता तसाच पोटाचा कर्करोग त्यालाही घेऊन गेला. हर्ट्झने त्या लहरी प्रयोगशाळेत पकडायला पुढची आठ-नऊ वर्षं लागली.