याह्या अन-नह्वी आणि ‘तीन’चा पेच

इमाम ग़ज़ाली (रह.) यांच्या ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथाचे नाव आपण ऐकले असेल. विश्व अनादी नसून निर्मित आहे, हे त्यांनी त्यात तत्त्वज्ञांना ठणकावून सांगितले. यांपैकी काही युक्तिवाद त्यांच्या पाच शतकांहून अधिक काळ आधी अलेक्झांड्रियाच्या एका ख्रिस्ती विद्वानाने मांडले होते. त्याचे नाव जॉन फिलोपोनस. अरब विद्वान त्यास याह्या अन-नह्वी, म्हणजे व्याकरणकार याह्या, म्हणत.

इ.स. 529 मध्ये त्याने प्रोक्लसच्या मताचे खंडन केले. विश्वाला आरंभ नसेल तर आजवर अनंत वर्षे सरली असली पाहिजेत. पण अनंत कधी सरत नाही! वस्तू वजनाच्या प्रमाणात वेगाने पडतात, हे ॲरिस्टॉटलचे मतही त्याने प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे नाकारले.

हाच निर्भीड तर्क उतारवयात त्याने त्रैक्याच्या सिद्धान्तास लावला. चर्चची शिकवण अशी की, सत्त्व एक आणि व्यक्ती तीन. याह्या म्हणाला, सामाईक सत्त्व केवळ मनातील कल्पना होय. वास्तवात असतात त्या व्यक्तीच. तीन माणसांत ‘माणूसपण’ समान असले तरी माणसे तीनच ना? मग पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे काय? विरोधकांनी या मतास त्रिदेववाद ठरविले. त्याच्या स्वपक्षीयांतही फूट पडली आणि मृत्यूनंतर शतकभराने, 680-81 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यास धर्मबाह्य घोषित केले.

येथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. ख्रिस्ती बांधव तीन देव मानतात, असे सरसकट म्हणणे योग्य नव्हे. त्यांच्या चर्चनेच ते मत धिक्कारले. परंतु एवढा कुशाग्र तर्कशास्त्री त्या सूत्राचा उलगडा करू गेला आणि ‘तीन’पाशी येऊन थांबला, हे विचार करण्याजोगे आहे. सूरह अन-निसाच्या 171 व्या आयतीत ग्रंथधारकांना ‘तीन’ म्हणण्यापासून परावृत्त केले आहे, ते याच पेचातून सोडविण्यासाठी.

इजिप्तच्या विजयानंतर हजरत अम्र बिन आस (रजि.) याह्यास भेटले, अशी कथा जुन्या अरबी ग्रंथांत आढळते. ती खरी असू शकत नाही, कारण तो इ.स. 570 च्या सुमारासच निवर्तला होता. त्याच सुमारास मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) यांचा जन्म झाला. ज्या तौहीदला कोणत्याही सूत्राचा आधार लागत नाही, ती याह्याच्या कानी पडली नाही. आपल्या घरी मात्र ती बालपणापासून आहे. ख्रिस्ती शेजाऱ्याशी बोलताना, सूरह अल-अनकबूतच्या 46 व्या आयतीच्या आदेशानुसार, उत्तम रीतीनेच ती मांडा.