शिरोड्याचे मास्तर : कै. वि. स. खांडेकर

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतीलच एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तथापि या वर्षी संपादक मंडळाच्या अनुमतीने आम्ही तो थोडा बाजूस ठेवीत आहो. ज्यांचे चरित्र येथे देत आहो ते मराठीतील थोर कादंबरीकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण त्या कीर्तीच्या आड त्यांचे एक रूप झाकले गेले आहे. आपल्याच किनाऱ्यावरील एका गावात त्यांनी अठरा वर्षे शाळामास्तर म्हणून काढली. जो शिक्षक एखाद्या गावात अठरा वर्षे मुलांस शिकवितो तो त्या गावातील सर्व ज्ञातींचा होतो, असे आम्ही मानतो. त्या नात्याने ते आपलेही आहेत.

विष्णु सखाराम खांडेकर यांचा जन्म १८९८ साली सांगलीस झाला. त्यांचे मूळचे नाव गणेश आत्माराम. सांगली हे नाटकाचे माहेरघर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ याच गावी रंगभूमीवर आणले होते. अशा गावात वाढणाऱ्या बुद्धिमान मुलास नाटकाची गोडी लागावी, यात नवल ते काय? पण घरचे सुख फार काळ लाभले नाही. १९११ साली वडील वारले. १९१३ साली ते मॅट्रिक झाले व पुढील शिक्षणासाठी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. पुण्यात त्यांस राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. गडकऱ्यांच्या कल्पनाशक्तीने व भाषेच्या वैभवाने त्या काळचे सर्वच तरुण भारून गेले होते, खांडेकरही गेले. १९१६ साली सावंतवाडी संस्थानातील नानेली या गावचे त्यांचे चुलते सखारामपंत यांनी त्यांस दत्तक घेतले आणि गणेशाचा विष्णु झाला. दत्तक गेल्याने भाग्य उजळते असा लोकांचा समज असतो. येथे मात्र उलटे घडले. महाविद्यालयाचे शिक्षण अर्धवट राहिले, पदवी मिळाली नाही, आणि प्रकृतीने त्रास दिला तो वेगळाच.

अशा स्थितीत १९२० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते शिरोड्यास शिक्षक म्हणून आले. मालवणाहून किनाऱ्याने दक्षिणेस जाऊन वेंगुर्ले ओलांडले की आरवली व शिरोडा ही शेजारची गावे लागतात. आरवलीस वेतोबाचे जागृत देवस्थान, शिरोड्यास वेळागरची पुळण, माडांच्या बागा आणि मिठागरे. पलीकडे रेडी, तेरेखोलची खाडी आणि मग गोवा. ज्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तीच ही मिठागरे. या गावी अ. वि. बावडेकर यांनी ध्येयनिष्ठेने इंग्रजी शाळा चालविली होती. ट्युटोरियल इंग्लिश स्कूल हे तिचे नाव. आज ती बावडेकरांच्याच नावाने ओळखली जाते. खांडेकर या शाळेत आले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. पुढे ते मुख्याध्यापकही झाले. पुण्यामुंबईस लेखक म्हणून नाव काढण्याची संधी असता पडक्या मिळकतीच्या शाळेत एवढी वर्षे राहणे, यास आम्ही त्याग म्हणत नाही. कारण या शाळेने त्यांस जे दिले ते शहराने दिले असते की नाही, याची आम्हांस शंका आहे.

त्या काळी शाळेत काव्य व नाटक कसे शिकविले जाई, हे आजच्या तरुण वाचकांस सांगावयास हवे. कविता म्हणजे प्रथम अन्वय, मग शब्दार्थ, मग वृत्त आणि अलंकार, अखेर पाठांतर. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली सिद्ध केलेल्या ‘नवनीत’ या काव्यसंग्रहावर मुलांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. त्या पद्धतीत जिभेस वळण लागे व पाठांतर पक्के होई, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु कविता ही कोणा माणसाने कोणत्या तरी सुखदुःखातून लिहिली आहे, हे मुलांच्या ध्यानी क्वचितच येई. नाटकाचे तर विचारूच नका. कालिदासाचे ‘शाकुंतल’ म्हणजे रूपे आणि समास यांचे गाठोडे असे मॅट्रिकच्या मुलास वाटे. निबंध हा एका ठराविक साच्याचा असे. उष:काल, सत्संगती, उद्योगाचे महत्त्व असे विषय, आणि सुभाषितांनी सुरुवात.

आपल्या किनाऱ्यावरील मुलाची गोष्ट जरा निराळी होती. त्याची नाटकाशी ओळख अक्षरओळखीच्याही आधी झालेली असे. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्ररात्र जागून तो दशावतार पाही. संकासुराचे वेंधळेपण, देवांची युद्धे, राण्यांचा विलाप हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर होत असे. दशावतारी नट लिहिलेले भाषण पाठ करीत नाही. कथा ठरलेली असते आणि संवाद तो जागच्या जागी रचतो. म्हणजे स्वतंत्र रचना कशी होते हे मुलाने देवळाच्या आवारात पाहिलेले असे, आणि शाळेत येऊन मात्र तो साच्यातील निबंध लिही. हे अंतर दूर करणे, हेच किनाऱ्यावरील भाषाशिक्षकाचे खरे काम होते आणि आजही आहे.

खांडेकरांनी हे काम लेखणीने कसे केले ते पाहण्यासारखे आहे. शिरोड्यास येण्यापूर्वी ते ‘कुमार’ या नावाने कविता आणि ‘आदर्श’ या नावाने विनोदी लेख लिहीत असत. त्या लेखनावर गडकऱ्यांची छाप होती. शिरोड्यास आल्यावर सावंतवाडीहून निघणाऱ्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातून ते वेगळ्या प्रकारचे लेखन करू लागले. रोजच्या आयुष्यातील एखादी लहानशी वस्तू अथवा प्रसंग घ्यावा, त्याच्याशी चार गोष्टी बोलाव्या आणि बोलता बोलता वाचकास एखाद्या मोठ्या विचारापर्यंत न्यावे, असे त्याचे स्वरूप होते. यालाच पुढे लघुनिबंध म्हणू लागले. त्याच सुमारास ना. सी. फडके ‘गुजगोष्टी’ लिहीत होते. या दोघांनी हा प्रकार मराठीत रुजविला. खांडेकरांचे ‘वायुलहरी’ व ‘चांदण्यांत’ हे संग्रह पुष्कळांच्या वाचनात आले असतील.

शिक्षकाच्या दृष्टीने लघुनिबंधाचे महत्त्व फार मोठे आहे. साच्यातील निबंधात विचार आधी येतो आणि मग त्यास दाखले चिकटविले जातात. लघुनिबंधात पाहणे आधी येते. आम्ही प्राथमिक शाळेत सातवीपर्यंतच्या मुलांस पुष्कळ वर्षे मराठी शिकविले. त्यात आमच्या अनुभवास आले ते असे की, सागर या विषयावर दहा ओळी लिही म्हटले की मुलगा पुस्तकातील शब्द उचलतो. पण पहाटे रापण ओढताना तुझा बाप कोठे उभा असतो ते लिही म्हटले की तोच मुलगा पाटी भरून लिहितो. ही वाट मराठी शिक्षकांस ज्यांनी दाखविली त्यांत खांडेकर अग्रभागी होते, अशी आमची समजूत आहे.

शिरोड्याच्या काळातच त्यांनी ‘रंकाचे राज्य’ हे नाटक लिहिले. ते १९२८ साली प्रसिद्ध झाले. १९३० साली ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी आली. मागोमाग ‘कांचनमृग’, आणि १९३४ साली ‘उल्का’ व ‘दोन ध्रुव’. ‘उल्का’ या कादंबरीत नायिकेचे वडील हे ध्येयवादी शिक्षक दाखविले आहेत. मराठी कादंबरीत शाळामास्तरास इतक्या मानाने क्वचितच कोणी बसविले असेल. या कथांतील कोकणचे दारिद्र्य त्यांनी प्रवास करून पाहिलेले नव्हते. वर्गातील बाकांवर ते रोज त्यांच्यासमोर बसत होते.

याच वर्षांत त्यांनी गडकऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्यांच्या प्रभावाखाली आपण लिहू लागलो त्यांचेच गुणदोष तोलावयास बसणे सोपे नसते. आमच्या मते हे काम शिक्षकानेच करावे असे होते. कारण मुलांस नाटक शिकविणाऱ्यास नुसते वाहवा म्हणून चालत नाही. प्रवेश कोठे रंगतो आणि कोठे घसरतो, भाषेचा झगमगाट कोणत्या पात्रास शोभतो आणि कोणत्या पात्राच्या तोंडी तो खोटा वाटतो, हे त्यास सांगावे लागते. पुढे केशवसुतांवरही त्यांनी असेच पुस्तक लिहिले. केशवसुत हेही शाळाशिक्षकच होते, हे येथे लक्षात ठेवावे.

ते दशकच मराठीच्या शिक्षकांचे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिकवीत होते. पुण्याच्या कँप भागातील शाळेत आचार्य अत्रे मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने पाठ्यपुस्तकांत हसू व जिव्हाळा आणला. आणि दक्षिण टोकास, शिरोड्यास, खांडेकर होते. तिघांचे स्वभाव भिन्न, लेखन भिन्न; पण मुलास भाषा शिकवावयाची ती त्याच्या अंतःकरणातून, ही श्रद्धा एकच.

खांडेकरांच्या दोषांचाही निर्देश करणे आवश्यक आहे. नाहीतर हे चरित्र न होता आरती होईल. त्यांची भाषा अतिशय अलंकृत आहे, पात्रे जरा अधिकच भावनाप्रधान व स्वप्नाळू आहेत, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला आणि तो निराधार नाही. मुले त्यांचे अलंकार पटकन उचलतात. त्यांची नजर मात्र उचलत नाहीत. उपमांची माळ ओवली की निबंध उत्तम झाला असे मुलांस वाटते, आणि कित्येक शिक्षकही त्यावर खूष होऊन गुण देतात. खांडेकर शिकविताना आधी त्यांची कणव शिकवावी व अलंकार मागाहून दाखवावे, हे आमचे सर्व तरुण शिक्षकबंधूंस व भगिनींस सांगणे आहे.

पुढील जीवन सर्वश्रुत असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १९३६ साली त्यांच्या कथेवर मास्टर विनायक यांनी ‘छाया’ हा बोलपट काढला. १९३८ साली खांडेकर शिरोडा सोडून कोल्हापुरास गेले. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या कादंबऱ्या गोपाळराव विद्वांसांनी गुजरातीत आणि का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये नेल्या, आणि तमिळ वाचकांनी तर त्यांस आपलेच मानले. १९५९ च्या ‘ययाति’ या कादंबरीस १९६० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले; १९६८ साली पद्मभूषण आले. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस लाभला; हा मान मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, तरी दुसऱ्याकडून लिहवून घेऊन त्यांनी काम चालू ठेवले. २ सप्टेंबर १९७६ रोजी ते निवर्तले. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

मराठीस आजवर चार ज्ञानपीठ पुरस्कार मिळाले. त्यांपैकी एकाचे मानकरी आपल्या शिरोड्याचे मास्तर, आणि २००३ सालच्या पुरस्काराचे मानकरी विंदा करंदीकर हे देवगड तालुक्यातील धालवलीचे सुपुत्र. वेंगुर्ल्याचे पाडगावकर, बागलांची राई येथील खानोलकर, आरवलीचे दळवी ही नावेही याच किनाऱ्याची. ही भूमी लेखकांस नापीक नाही, हे उघड आहे. मग आज चिंता कशाची? चिंता याची की किनाऱ्यावरील पुष्कळ मराठी शाळांची पटसंख्या घटत चालली आहे आणि आपण पालकच मराठीचा तास म्हणजे गुण मिळविण्याची सोपी जागा असे समजू लागलो आहो. मुलगा डॉक्टर अथवा इंजिनिअर व्हावा ही इच्छा वाईट नाही. परंतु आपले दुःख चार नीट वाक्यांत मांडता न येणारा डॉक्टर दुसऱ्याचे दुःख कसे ऐकणार?

म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. दरवर्षी गुणगौरव समारंभात आपण टक्केवारीप्रमाणे पारितोषिके देतो, ती अवश्य द्यावी. त्यांत आणखी एका पारितोषिकाची भर घालावी. माध्यमिक शाळेतील ज्या मुलाने अथवा मुलीने आपल्या घरचे, गावचे, जत्रेचे अथवा समुद्राचे स्वतः पाहिलेले काही स्वतःच्या शब्दांत लिहिले असेल, मग ते कथा असो, कविता असो वा छोटा नाट्यप्रवेश, त्यास ते द्यावे. आणि निवडलेला लेख याच स्मरणिकेत छापावा. खर्च थोडा आहे. शिरोड्याच्या शाळेपाशीही धन थोडेच होते. तिच्यापाशी एक मास्तर होता आणि त्यास मुलांकडून फार मोठ्या आशा होत्या. तेवढी आशा आपणही आपल्या मुलांकडून धरू या, अशी सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती करून आम्ही ही लेखणी खाली ठेवतो.